मागच्या सीटवर बसणारा माणूस

आपल्या वस्तीतल्या तरुणाला नोकरी लागली, दोन-तीन वर्षे पगार हातात खेळला, की घरात एक विषय निघतोच. गाडी. गाडी म्हणजे आपल्याकडे अजूनही मोटारसायकलच. उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये तर हा विषय टाळायचा म्हटला तरी टळत नाही. संध्याकाळी सातनंतर नेहरू चौकातून गोल मैदानाकडे पायी निघा. हातगाड्या, रिक्षा, दुकानातून बाहेर आलेले सामान यांच्या फटीतून एखादी निळी नाहीतर लाल गाडी सुळकन निघून जाते. तिच्यावरचा मुलगा टाकीवर पालथा पडल्यासारखा वाकलेला असतो. आपण दचकतो, दोन शब्द बोलतो आणि थोडे पुढे जाऊन वळून पाहतोही. खोटे कशाला बोलावे, गाडी दिसायला सुरेख असते.

माझ्या शाळेच्या दिवसांत हाच वाद यामाहा आरएक्स-१०० आणि बजाज चेतक यांच्यात होता. आरएक्स १९८५ साली बाजारात आली आणि १९९६ साली बंद झाली. अवघे ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, पण कान पिळला की पुढचे चाक उचलायला बघायची. चेतक म्हणजे संसारी माणसाची गाडी. पुढे मुलगा उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर धाकटी, शिवाय पायाशी भाजीची पिशवी. मागे एकाच माणसाला बसवावे असे १९८८ चा मोटार वाहन कायदा तेव्हाही सांगत होता, पण ऐकतो कोण! असो.

आता वाद निराळ्या नावांचा आहे, आणि तो माझ्या मोठ्या बहिणीच्या घरात गेल्या दिवाळीच्या आधी चांगलाच रंगला. माझा भाचा सव्वीस वर्षांचा आहे. अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीत एका कारखान्यात ऑपरेटर आहे. मेव्हणे आता नाहीत. भाच्याचे लग्न नुकतेच झाले. सूनबाई कल्याणला एका खासगी रुग्णालयात नर्स आहे, तिची दुपारची पाळी रात्री नऊला सुटते. ताईला मणक्याचा त्रास आहे. या तिघांच्या घरात आजपर्यंत सायकलीखेरीज दुसरे वाहन आलेले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि भाच्याचा धीर सुटला.

त्याच्या मनात यामाहा आर-१५. ताईच्या मनात होंडा युनिकॉर्न, कारण शेजारच्यांकडे ती आहे आणि तिच्यावर बसून ताई एकदा दवाखान्यात गेली होती. मला बोलावणे आले ते मी हिशेबातला माणूस म्हणून. बी.कॉम. झालेल्या मामाला असे मान अधूनमधून मिळतात. आमच्या चाळीतले एक काकाही आपणहून आले आणि म्हणाले, "वाद कशाला? मध्यम मार्ग धरा. पल्सर घ्या!" तथागतांचा मध्यम मार्ग बजाजच्या शोरूमपर्यंत जातो ही माहिती मला नवीन होती.

वाचक बंधू-भगिनींनो, या दोन गाड्यांची तुलना नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण घरोघरी ती वरवरच्या बोलण्यावर उरकली जाते. मुले म्हणतात 'पिकअप', मोठी माणसे म्हणतात 'अ‍ॅव्हरेज', आणि दोन्हीत मुख्य गोष्ट राहून जाते. आर-१५ चे इंजिन १५५ सीसीचे, युनिकॉर्नचे साधारण १६३ सीसीचे. वजन दोन्हींचे एकशे चाळीस किलोच्या आसपास. आर-१५ ची ताकद अठरा अश्वशक्तीच्या वर आणि युनिकॉर्नची तेराच्या घरात. एवढे पाहिले की भाचा जिंकला. पण चाक फिरवणारा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो दोघींचा जवळजवळ सारखाच आहे. फरक इतकाच की युनिकॉर्नला तो इंजिनाच्या साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास मिळतो, तर आर-१५ ला त्यासाठी साडेसात हजारांपर्यंत चढावे लागते, आणि तिची पूर्ण ताकद दहा हजार फेऱ्यांना लागते. म्हणजे शहाडच्या पुलावर मागे माणूस बसवून, पुढे ट्रक आणि बाजूला रिक्षा असताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निमूट ओढून न्यायची असेल, तर तिथे कमी फेऱ्यांत जोर देणारी गाडी सुखाची. इंजिन किंचाळत ठेवायला मोकळा रस्ता असेल तर दुसरी.

बसण्याचेही तसेच. शर्यतीच्या घराण्यातल्या गाडीचे हँडल खाली असते, पाय ठेवायची जागा मागे आणि वर असते. त्यामुळे माणूस वाकतो, वाऱ्याचा अडथळा कमी होतो, अंगाचे वजन पुढच्या चाकावर येऊन वळणावर पकड राहते. हे सगळे शास्त्रशुद्ध आहे, नुसती फॅशन म्हणून कोणी केलेले नाही. मात्र ताशी शंभरच्या वेगात छातीवर येणारा वारा तुम्हाला थोडे तोलून धरतो. कॅम्प २ मध्ये ताशी पंधराच्या वेगात तो वारा नसतो, आणि सगळा भार मनगटांवर येतो. आठ तास मशीनवर उभे राहून आलेल्या माणसाच्या मनगटांवर.

हा पेच गरिबांपुरताच आहे असे समजू नका. श्रीमंतांच्या मोटारींतही या दोन जाती आहेत. एक धावपट्टीसाठी घडवलेली सुपरकार, दोन माणसे कशीबशी मावतील अशी, जमिनीला चिकटून चालणारी. दुसरी ग्रँड टूरर, म्हणजे सामानसुमान घेऊन शेकडो मैल आरामात तोडायची गाडी. सचिन तेंडुलकरला २००२ साली ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांची बरोबरी केल्याबद्दल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली होती, मायकेल शूमाकरच्या हातून. ती पहिल्या जातीतली. तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून २००३ साली केवढा गदारोळ झाला! शेवटी एक कोटी तेरा लाखांचे ते शुल्क फियाट कंपनीने भरले. पुढे २०११ साली ती गाडी सुरतच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. तेंडुलकरला घरी आणखी गाड्या होत्या. माझ्या भाच्याला एकच घ्यायची आहे, तीही हप्त्याने. ज्याला एकच घ्यायची असते त्याचा पेच खरा पेच असतो.

धावपट्टीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या देशातली सर्वांत गाजलेली धावपट्टी उत्तर प्रदेशात, गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात आहे, आणि तिचे नाव बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. लांबी पाच किलोमीटरहून थोडी अधिक. ३० ऑक्टोबर २०११ रोजी तिथे भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, आणि विजेत्या सेबास्टियन वेटेलला चषक दिला तो तेव्हाच्या मुख्यमंत्री मायावती यांनी. त्या शर्यती २०१३ पर्यंत तीनच वर्षे झाल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथेच मोटारसायकलींची मोटोजीपी शर्यत झाली. तथागतांचे नाव आणि ताशी तीनशेचा वेग यांची सांगड कशी घालावी हे मला अजून उमगलेले नाही. पण त्या रस्त्याकडे नीट पाहा. सगळी वाहने एकाच दिशेने जातात. समोरून टेम्पो येत नाही, मध्येच गाय बसत नाही, गटाराचे झाकण उघडे नसते. घसरून पडलाच तर बाजूला वाळू-खडीची मोकळी जागा आहे आणि डॉक्टर उभा आहे. आणि तिथल्या मोटारसायकलींना मागची सीट नसते.

मागची सीट हाच सगळ्यांत मोठा मुद्दा आहे. आर-१५ ची मागची सीट चढत्या जिन्यासारखी उंचावर आहे, हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी. मागे बसणारा पुढच्याच्या डोक्यावरून रस्ता पाहतो. ब्रेक लागला की पुढच्याच्या पाठीवर आदळतो. जीन्स घातलेला मित्र अर्धा तास निभावून नेईल. नऊवारी सोडा, पाचवारीतली बाई एका बाजूला पाय सोडून तिथे कशी बसणार? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३ क्रमांकाचा नियम यासाठीच आहे. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले हवे. नियम पाळण्यापुरती मूठ आणि जाळी प्रत्येक गाडीला लावलेली असते. पण नियम पाळणे वेगळे आणि माणूस बसवणे वेगळे. खुद्द यामाहालाही हे कळत होते. आर-१५ चीच 'एस' नावाची आवृत्ती त्यांनी २०१५ साली आणि पुन्हा २०२१ साली काढली, सलग लांब सीट लावून. मागे बसणारे माणूस या देशात घरचेच असते, हे कंपनीने ओळखले होते असे म्हणावे लागेल.

मी हे सगळे सांगितले. ताई मान डोलवत होती. भाचा गप्प ऐकत होता. मग तो बोलला ते मला इथे लिहावेसे वाटते.

"मामा, तुमचं सगळं बरोबर आहे. पण आपण कायम उपयोगाचंच घ्यायचं का? पप्पांनी सायकल वापरली, कारण परवडत होती. कपडे घेतले ते मळ खाणारे. बूट घेतले ते टिकणारे. कधी एखादी वस्तू नुसती आवडली म्हणून घ्यायची नाही का आपण? दुकानदारांच्या पोरांना कुणी विचारतं का, मागच्या सीटवर आई बसणार का म्हणून?"

खोलीत कोणी काही बोलले नाही. मला त्याचे बोलणे उडवून लावता येईना. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी गावात चांगला कपडा अंगावर घातला तरी डोळ्यांवर येत असे. घोड्यावरून नवरदेवाची वरात काढली म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या आजही वाचायला मिळतात. वाहनावर ताठ बसून चारचौघांतून जाणे ही आपल्याकडे नुसती हौस कधीच नव्हती. म्हणून आपल्या मुलाने झळाळती गाडी मागितली की त्याला लगेच उधळ्या ठरवणारे वडीलधारे मला पटत नाहीत. काटकसरीचा उपदेश गरिबाला फुकटात मिळतो, आणि तो करणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात.

पण मानाचा विषय निघालाच, तर चाळीसगावचा टांगा आठवल्याखेरीज राहत नाही. आपल्यापैकी पुष्कळांना तो प्रसंग माहीत आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत तो लिहिला आहे. साल १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. धुळ्याकडून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली मंडळी स्टेशनावर न्यायला आली होती. वस्ती दोनेक मैलांवर. स्टेशनावरचा एकही टांगेवाला महाराला टांग्यात घेऊन हाकायला तयार नव्हता. बाबासाहेबांनी पायी चालत यावे हे मंडळींना मानवेना, कारण पाहुणा साधासुधा नव्हता. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने घ्यायचा, हाकायचा आपल्यातल्याच एकाने. ज्याने लगाम धरला त्याने टांगा कधी हाकलेला नव्हता. वाटेत एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीपुलावर चाक कडेच्या दगडाला जोरात अडकले, बाबासाहेब फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत पडला. पाय मोडला, बऱ्याच दिवसांचे अंथरूण झाले.

दोष कुणाचा, तर टांगेवाल्यांच्या शिवाशिवीचा, यात शंका नाही. मंडळींचे प्रेम तर शंभर नंबरी होते. तरीही बाबासाहेबांनी हे नोंदवून ठेवले आहे की मान राखण्याच्या घाईत त्यांना आत बसलेल्याच्या जिवाचा विसर पडला. आपल्या घरात वाहन घेताना माझ्या मनात हा टांगा नेहमी असतो. मी भाच्याला म्हटले, "तुझा मान मला मान्य आहे. पण टांग्यात मागे कोण बसलंय ते आधी बघू."

यावर त्याने एक खरा मुद्दा काढला. आर-१५ ला दोन्ही चाकांना एबीएस आहे, युनिकॉर्नला पुढच्या एकाच चाकाला. म्हणजे ब्रेकच्या बाबतीत रेसिंगची गाडी वरचढ. हे मी माझ्या वहीत त्याच्या बाजूला लिहिले. पेट्रोलही लिहिले. महिन्याला साधारण ७८० किलोमीटर धरले तर दोन्ही गाड्यांतला फरक दोन लिटरच्याही आत येतो. तेवढ्यासाठी कोणी मन मारू नये. विम्यातही फरक नाही. १५० सीसीच्या वरची गाडी म्हणून दोघींना एकच दर, १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दराने पाच वर्षांच्या थर्ड पार्टीला ७,३६५ रुपये आणि वर कर.

विम्याबाबत मात्र एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी, कारण कामानिमित्त अपघाताचे कागद घेऊन येणारी माणसे मी पाहिली आहेत. निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसी घेतली आणि आपल्याच गाडीच्या चुकीने अपघात झाला, तर मागे बसलेल्या आपल्या माणसाची भरपाई त्या पॉलिसीतून मिळेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालच्या निकालात मागे फुकट बसलेला प्रवासी त्या पॉलिसीत येत नाही असे म्हटले आहे. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर त्याच्या विमा कंपनीकडे दावा करता येतो, ती गोष्ट वेगळी. म्हणून लोक जिला 'फर्स्ट पार्टी' म्हणतात ती पॅकेज पॉलिसी घ्यावी, आणि ती पहिल्या वर्षानंतर सोडून देऊ नये. दुसरी गोष्ट हेल्मेटची. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे अपघातात गेली. त्यांतली १४,३३७ मागे बसलेली होती. गाडीबरोबर घरात एकच हेल्मेट येते, आणि ते पुढच्याच्या डोक्यावर जाते. हे दुसरे हेल्मेट पहिल्याच दिवशी घ्यावे.

खरा फरक हप्त्याचा. शोरूममधला कर्ज देणारा मुलगा गोड बोलला, "साहेब, फक्त दहा टक्के." मी विचारले, "फ्लॅट का?" तो हसला. एक लाख वीस हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले, तर फ्लॅट दहा टक्क्यांनी व्याज ३६,००० होते आणि हप्ता ४,३३३ रुपये. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जाते आणि व्याज मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पुऱ्या एक लाख वीस हजारांवर लावलेले असते. घटत्या शिलकीवर मांडले की हाच दर जवळजवळ अठरा टक्के पडतो. बँकेत किंवा पतपेढीत विचारताना 'रिड्यूसिंग' हा एक शब्द उच्चारा, बोलणाऱ्याचा सूर बदलतो. आर-१५ साठी कर्ज पन्नासेक हजारांनी वाढणार होते, म्हणजे हप्ता सहा हजारांच्या पुढे. ताईची औषधे धरून ते ओढाताणीचे होते.

इतके होईपर्यंत सूनबाई चहाचे कप उचलत होती. तिला कोणी विचारले नव्हते, आणि विचारेपर्यंत तिने वाटही पाहिली नाही.

"मामा, मागच्या सीटचं एवढं चाललंय, ते माझ्यासाठीच ना? मग मला पुढं बसायचं असेल तर? ह्यांची रात्रपाळी असते तेव्हा मला कल्याणला आणायला कोण येणार? रिक्षावाला नऊनंतर किती मागतो तुम्हाला माहितीय."

ताई म्हणाली, "अगं, मग स्कूटी घ्या." सूनबाई म्हणाली, खड्ड्यांत लहान चाकांची गाडी आदळते, आणि दोन गाड्यांचे हप्ते भरायचे कोणी? एकच गाडी, पण दोघांनी चालवायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे शोरूमला गेलो. सूनबाई दोन्ही गाड्यांवर बसली. आर-१५ ची सीट जमिनीपासून ८१५ मिलिमीटर, युनिकॉर्नची ७९८. कागदावर दोन बोटांचाही फरक नाही, पण एका गाडीवर तिच्या पायांची बोटेच टेकत होती आणि दुसरीवर निम्मे पाऊल. ताईला मागे बसवले. भाचा लांब उभा राहून दोघींकडे बघत होता. मग तो स्वतःहून आर-१५ कडे गेला, तिच्या टाकीवरून एकदा हात फिरवला, आणि काउंटरवर जाऊन युनिकॉर्नचा रंग विचारला.

त्याची हौस मेली असे मात्र समजू नका. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मोटारशर्यतींची जुनी धावपट्टी आहे, तिथे मोटारसायकल चालवण्याचे प्रशिक्षण वर्ग भरत आले आहेत. त्याने पोस्टात हजार रुपयांचे आवर्ती खाते उघडले आहे आणि पासबुकाच्या कव्हरवर पेन्सिलीने 'ट्रॅक' असे लिहिले आहे. मी ते ताईला दाखवलेले नाही.

सूनबाईने कल्याण आरटीओचे गिअरसह मोटारसायकलचे शिकाऊ लायसन्स काढले. शिकाऊ माणसाच्या मागे शिकवणाऱ्या लायसन्सधारकाखेरीज कोणी बसायचे नाही असा नियम आहे, म्हणून रविवारी सकाळी सहा वाजता गोल मैदानाभोवती ती पुढे आणि भाचा मागे अशी शिकवणी चालते. पहिल्या दिवशी तो डोक्याला काही न घालता बसला. तिने गाडीची चावी काढून घेतली आणि तो घरून हेल्मेट घेऊन येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. तिसऱ्या फेरीला एका खड्ड्यातून गाडी गेली तेव्हा मी फुटपाथवर होतो. भाच्याने दोन्ही हातांनी मागची मूठ धरली होती.

"मामा," तो ओरडला, "मागं लईच लागतं हो!"